चिंचोळी वाट

ॲबरिस्टविथमधला नोव्हेंबर. चारलाच अंधार,
प्रयोगशाळेच्या काचेवर समुद्राचं मीठ.
पडद्यावर माझे चौसष्ट रोबो,
खरे नव्हेत, नुसते आकडे:
दोन चाकं, एक डोळा
आणि एकमेकांना काहीतरी सांगायची खोड.

पहिल्या पिढीत नुसता कालवा.
लाल चेंडू म्हणजे 'मोकेसु', निळा चेंडू 'टा',
लाल पेटी 'रिरिपो'.
कशाचा कशाला मेळ नाही,
वस्तू तेवढी घोकंपट्टी.

म्हणून मी वाट चिंचोळी केली:
नव्यांनी ऐकायचं ते निम्मंच,
उरलेलं आपल्या डोक्याने जमवायचं.
मला वाटलं, मुके होतील.

तिसाव्या पिढीत कुणीतरी
कधीच न ऐकलेल्या निळ्या पेटीला
'टापो' म्हणालं,
आणि समोरच्याला ते कळलं.
मी खुर्चीतून उठलो, चहा कीबोर्डवर.
शब्दाला सांधा फुटला होता.
मी तो लिहिला नव्हता कुठेच,
मी फक्त निम्मं काढून घेतलं होतं.

घरी नेरिस लेकीशी वेल्श बोलते.
कार्टून इंग्रजी, भांडणं इंग्रजी.
इरावतीच्या वाट्याला मराठी येते
आंघोळीपासून झोपेपर्यंत,
जेमतेम चाळीस मिनिटं,
तीही दमलेल्या एका माणसाच्या तोंडून.

"बाबा, मी ठोकळ्यांचं घर करलं."
केलं, मी म्हणतो.
"धरलं, भरलं, मग करलं का नाही?"
टॉवेल हातात घेऊन मी उभा.
आई तसं म्हणायची, एवढंच माहीत आहे मला,
आणि आईला तिच्या आईचं.
असल्या आडमुठ्या शब्दांना
रोज शंभरदा ऐकणारे कान लागतात.
तेवढे मी कुठून आणू?

रविवारी ती बूट चढवून दारात:
"चल ना बाबा, आम्ही समुद्रावर जाऊ या."

आम्ही.
'आपण' कुठल्या रात्री गळलं,
माझ्या लक्षातही आलं नाही.
तिचा हिशोब चुकलेला नाही तसा,
बाकीच्या दोन्ही भाषांत तिचं एकाच शब्दात भागतं.
आणि मी, जो रोबोंच्या प्रत्येक पिढीची नोंद ठेवतो,
दुरुस्त करायला तोंड उघडतो.

मफलर सापडत नाही.
बाहेर वारा जेटीवर लाटा फोडतोय.
तिने माझी दोन बोटं धरून ठेवली आहेत.

आम्ही निघतो.