पाण्याचा लेअर

सकाळी अकरा ते बारा
तासिका तत्त्वावर मी सांगतो
की महाकथनं संपली.
पोरं मान खाली घालून लिहून घेतात: संपली.
मागच्या बाकावरून एकजण विचारते,
सर, हे किती मार्कांना येतंय?

संध्याकाळी सहानंतर मारुती रोडला
बाबालाल मुजावरच्या दुकानात
चौदा रुपये चौरस फुटानं
मी ती पुन्हा छापतो.
दहा बाय वीस. दहा बाय तीस. चौकात मावेल तेवढी.
कार्यसम्राट, विकासपुरुष, जनतेच्या मनातला.
मजकूर तोच, नुसती मुंडकी बदलायची.
सकाळी मी सांगितलेलं असतं
की लिहिणारा महत्त्वाचा नसतो.
संध्याकाळी तो खालच्या ओळीत उभा असतो,
शुभेच्छुक, गॉगल लावून, अकरा जणांत सहावा.

मला हे तत्त्वज्ञान आवडलं ते उगाच नाही.
माझा बाप मार्केट यार्डात हळदीची पोती वाहायचा.
यार्डाच्या स्मरणिकेत पान सत्तेचाळीसवर
शेटजी, सभापती, हार, पेढ्याचं ताट
आणि डाव्या कडेला कापलेला एक खांदा.
तो आमचा.
फोटो काळा-पांढरा आहे,
तरी मला तो खांदा पिवळा दिसतो.
म्हणून जेव्हा ग्रंथालयात पहिल्यांदा वाचलं
की मधल्याची गोष्ट ही फक्त एक गोष्ट,
कडेच्यालाही तोंड असतं,
तेव्हा पुस्तक उघडंच ठेवून खाली आलो
आणि पाठोपाठ दोन चहा प्यालो.

परवा कुलभूषण चौगुले आला.
माझाच विद्यार्थी. आता साहेबांचं सोशल मीडिया बघतो.
आधी पाया पडला, मग पेन ड्राइव्ह काढला.
पूर ओसरल्यावर साहेब आले होते तेव्हाचा फोटो,
पाणी घोट्यापर्यंत.
'सर, कंबरेपर्यंत आणा.'
म्हटलं, अरे, कंबरेएवढं होतं तेव्हा ते पुण्यात होते.
हसला.
'सर, तुम्हीच शिकवलंय की,
घडलेलं असं काय नसतंय, सांगितलेलं असतंय.'

'हो, पण ते मी...'
पुढचं वाक्य मला आलं नाही.
नऊ वर्षं शिकवतोय, आलं नाही.
ते तुमच्यासाठी नव्हतं, असं म्हणायचं होतं बहुतेक.
पण विचार काय रेशनकार्ड बघून वाटतात?

बाबालाल मशीनमध्ये शाई भरत होता.
उठला, कोपऱ्यातले रोल बाजूला सारले,
भिंतीवरची पेन्सिलची रेघ दाखवली,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
'हितवर आलतं,' एवढंच म्हणाला.
पंचनाम्यात ही गल्ली कोरडी आहे.
नकाशातली निळी रेघ
दोन दुकानं अलीकडंच थांबते,
बेकरीपाशी.
कुलभूषणनं वाकून बघितलं,
मोबाइलवर फोटो घेतला,
म्हणाला, 'भारी आहे. बॅकग्राउंडला वापरू.'

रात्री बसलो.
पाणी शोधलं, कुठल्याशा परदेशी नदीचं,
नको इतकं निळं.
गढूळ केलं. तपकिरी चार वेळा वाढवला.
बाबालालला विचारलं, असंच होतं का?
लांबूनच म्हणाला, 'वास घाल की त्यात.'

कंबरेपर्यंत आणलं.
मग लेअरसमोरच्या बारक्या डोळ्यावर क्लिक केलं,
पाणी गेलं. साहेब चिखलात, इस्त्री शाबूत.
पुन्हा क्लिक, पूर.
क्लिक, चिखल.
किती वेळ हेच करत बसलो
ते माझं मलाच कळलं नाही.
शेजारच्या शटरचा आवाज आला तेव्हा
प्रिंटला टाकलं.

मशीननं सावकाश ओकत आणला
साहेबांचा फेटा, साहेबांचं कपाळ,
छातीवरचे जोडलेले हात, माझं पाणी.
डाव्या कडेला, मापाच्या बाहेर,
धान्याचं पोतं घेतलेला
एक खांदा येऊन राहिला होता.
कुणाचा, फाइलमध्ये नाव नाही.
बाबालालनं स्टीलची पट्टी ठेवली,
ब्लेड बोटात धरलं,
माझ्याकडं बघितलं.
'सर, ह्याला कापू?'