बोटभर सावली

आमच्या सिद्रातमध्ये घड्याळं उशिरा आली,
आली तरी पाटानं ती मानली नाहीत.
हजरच्या डोंगरातून येणारं पाणी
मशिदीमागच्या काठीची सावली बघून वाटलं जायचं.
जमिनीत पुरलेले दगड: हा मुहन्नाचा,
हा नस्राच्या पोरक्या मुलांचा, हा मशिदीचा.
सावली दगडाला टेकली की मी ओरडायचो,
"पाणी फिरवा!"
मग कुणीतरी चिंध्यांचा बोळा उपसून पाट वळवायचं.

मी सुवैलिम. गावाचा अरीफ, पाण्याचा हिशेबनीस.
काठी बापाची, दगड आजोबाचे.

मशिदीच्या पाळीवर अकरा खजुरी जगायच्या.
त्यांच्यावर रमजानातला सगळ्या गावाचा उपास सुटायचा,
दिव्याचं तेल यायचं,
आणि ज्याचं कुणी नाही त्याचं कफन.

झहरान, माझा मेहुणा, एका संध्याकाळी कॉफी घेऊन आला.
त्याच्या लिंबांची पानं वळत होती.
"बोटभर सरकव," म्हणाला,
"अल्लाकडे आभाळभर पाणी आहे."
माझ्या मुलाच्या लग्नाचे पैसे
मी त्याचे देणं लागत होतो. त्यानं ते काढले नाहीत.
काढले नाहीत, हेच त्याचं काढणं.

रात्री मी दगड सरकवला.
एक बोट. मोजून.

त्या वर्षी मशिदीचे खजूर सुकून बिब्ब्याएवढे झाले.
इमाम खल्फान म्हणाले, "कुठंतरी पाणी मुरतंय."
माणसं पाटाच्या भेगा चाचपत डोंगरापर्यंत गेली.
दगडाकडे कुणी बघितलं नाही.
आणि कुणी बघायच्या आत झहरान बोलला,
भर मशिदीत, शुक्रवारी:
"बरकत राहील कशी?
एकाच ओळीत निम्मे हात बांधून उभे, निम्मे सोडून."

ते हात तसेच उभे होते पिढ्यान् पिढ्या.
बाप हात सोडायचा, मामा बांधायचा,
मी मधे.
एकाचं कोपर कानाला लागायचं,
दुसऱ्याची बोटं माझ्या केसांत.
मला वाटायचं नमाज म्हणजे हेच, दोन बाजूंची ऊब.

मग सगळे हात मोजले गेले.
मुहन्नाला मशिदीच्या जमिनीची किल्ली हवी होती,
खल्फानच्या भावाला आपल्या दुकानासमोर गर्दी,
कुणाला फक्त पहिली ओळ.
प्रत्येकाच्या हव्यासानं धुतलेला पांढरा झगा घातला,
अत्तर लावलं,
आणि तो सगळ्यांच्या आधी येऊन मशिदीत बसला.

दुसरी मशीद चाळीस पावलांवर झाली. सिमेंटची.
पूर्वी डोंगर अजान जशीच्या तशी परत द्यायचा;
आता परत येतं ते काय, कळत नाही.
दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात,
आणि पाणी तर एकच:
वरच्यांनी वजू करून सोडलेलं
खालच्यांच्या ओंजळीत येतं, चेहऱ्यावर जातं.

झहरान मेला. लिंबं त्याच्या मुलांनी विकली.
चाळिसाव्याच्या रात्री मी पहार घेऊन गेलो,
दगड जुन्या जागी बसवला.
नखांत माती, गुडघ्यांत कळ.
पुढच्या वर्षी खजूर मधासारखे झाले.
वरचे म्हणाले, बघा, ते गेले आणि बरकत आली.
खालचेही तेच म्हणाले.

मी घरीच नमाज पढतो.
उभा राहिलो की हात क्षणभर
कुठं जायचं ते विचारतात.

काल नस्राचा नातू काठीजवळ उकिडवा बसला होता.
दगडाला लागून एक खाच राहिलीय, तीत त्यानं बोट घातलं.
बरोबर मावलं.
"आजोबा, हा दगड आधी इथं होता का?"

मी ओरडलो, "पाणी फिरवा!"
सावली अजून
बरीच लांब होती.