तार्वोचे फोटो

कुरेसारेच्या खाडीतला बर्फ तडकू लागला
त्या आठवड्यात हेल्यूनं मला बोलावलं.
पंखा रात्रभर घरघरतो, म्हणाली,
मी झोपलेली असते, मग हा कुणाचं काम करतो?

यादी उघडली.
सगळी नावं आपापल्या जागी, निमूट.
एकातच दोन अक्षरं मागेपुढे,
घाईत वाचली तर घरातलीच वाटावी अशी फाइल.
जन्मवेळ: मंगळवार, पहाटे तीन सतरा.
तेव्हा जाग्या होतात तुम्ही?
ती गप्प.
मग, होते.

पुसली. परत आली.
पुन्हा पुसली, मशीन सुरू होताच
दारात हजर, पाय झाडून.
मग केबल उपटली, सेफ मोडमध्ये उतरलो,
रजिस्ट्रीच्या पार तळाशी
केसाएवढं मूळ सापडलं.

आणि टपालात, त्याच पहाटेचं:
‘आई, माझे फोटो.’
पाठवणारा तार्वो.
चार वर्षांपूर्वी तुर्कूच्या गोदीत गेलेला,
तिकडून एक ओळ नाही.

त्याचं नसतं हो ते, मी म्हणालो,
नावं काय, कुठूनही उचलतात.
स्कॅन संपला. धोके शून्य.
पंखा थांबला
आणि घर एकदम मोठं झालं.

तिनं किटली ठेवली, पाठमोरीच विचारलं,
‘पुसण्याआधी
आत नीट बघितलंस?
एखादा तरी...’

मी कोट घातला होता.
तो काढला, पुन्हा बसलो,
रिकामी कचरापेटी उघडली
आणि तिच्यादेखत
बराच वेळ पाहत राहिलो.