ओळ चारशे बारा

गहू पोटरीवर आला
आणि पानं बोटांना विटकरी पूड लावू लागली.
चेप्कोएचने ती पाकिटांत भरून न्जोरोला आणली,
यंत्राने तिच्यातून अक्षरं काढून दिली,
चारच अक्षरं, कोट्यवधी वेळा.
मग आम्ही टेबलाभोवती बसलो
ती कुठल्या भाषेत वाचायची, ते ठरवायला.

किप्रोनो म्हणाला, रस्ट.
वेगवान आहे, चूक चालू होण्याआधीच अडवते,
आणि नाव तर बघा : तांबेऱ्याला तांबेराच.
कोणी हसलं नाही. म्हणजे मी हसले, थोडी.

नासिमियूला पायथन येतं, तीन महिने झाले शिकून.
जावा येणारा मुकामी बँकेत गेला.
विंडोजवर चालेल का, मी विचारलं,
कारण नारोकच्या कृषी कार्यालयात संगणक एकच,
खतांची यादी त्यातच, कारकुनाच्या मुलीचे लग्नाचे फोटोही.
क्लाउडवर टाकू, किप्रोनो म्हणाला.
वीज तेव्हाच गेली असती तर शोभलं असतं.
ती गेली चारला, चहा उकळायच्या आत.

आजवर हे काम ओलुओच सरांची पर्लमधली फाइल करायची.
सर जाऊन दोन हंगाम झाले.
नऊशे ओळी, डॉलर आणि कंसांचं बाभळीचं कुंपण,
आणि चारशे बाराव्या ओळीवर स्वाहिलीत शेरा :
इथे हात लावू नका. का, ते नंतर लिहितो.

ती ओळ प्रत्येक थाळीचा पहिला नमुना फेकून देते.
आम्ही दोन दिवस भांडलो, चूक की युक्ती.
काचसामान धुणाऱ्या वान्गुई बाई
फडकं पिळत म्हणाल्या,
पहिल्या खळग्यात सर नुसतं पाणी घालायचे.
पाण्यात तांबेरा दिसला, तर आमचे हात घाण.
मग सगळं पुन्हा धुवायचं. मीच धुवायची.

पायथन ठरलं.
बारा मिनिटांचं काम तीन तास घेईल,
घेऊ दे. नारोकला निरोप गुरुवारी जायचा आहे,
आणि माझ्यानंतर फाइल उघडणारी नासिमियू असेल.

तिने कोऱ्या फाइलीत आधी पाण्याबद्दल लिहिलं,
वान्गुई बाईंच्या नावासकट.
मग पहिली आज्ञा.

शेजारच्या खोलीत किप्रोनोच्या कळा अजून वाजताहेत.
रस्टच असणार.
मी दार लोटून घेतलं, आवाज न करता.