कानोसा

जुलैतलं धुकं इथे पाहुण्यासारखं येत नाही,
घरमालकासारखं येतं.
थेट स्वयंपाकघरात.
वाळत घातलेल्या कॉड माशांवरून हात फिरवून बघतं,
सुकलेत का.

मी एव्हरिस्त कोमो. गॅनेट बेट, नोव्हा स्कोशियाचं टोक.
डावा कान फ्रान्समध्ये राहिला, एका तोफेपाशी.
नोकरी देताना साहेबांनी विचारलं नाही,
मीही तोंड उघडलं नाही.
ऐकायच्या कामाला एक कान पुरतो.

खोपटाच्या मधोमध लाकडी चौकट,
तिला तांब्याची तार गुंडाळलेली,
खाली चाक, पितळी तबकडी, तीनशे साठ रेघा.
आगबोट विचारते, मी कुठे आहे?
मी म्हणतो, सूर धरून ठेव.
ती एकच लांब सूर धरते, मी चाक फिरवतो.
सूर जाडावतो, बारीक होतो, मरतो.

लोकांना वाटतं, आवाज मोठा तिकडे बोट.
नाही. मोठा आवाज ढिसाळ,
चाळीस रेघांवर पाय पसरून बसतो.
नेमकी असते ती शांतता.
सूर विझतो तिथे एक खूण, पुन्हा उगवतो तिथे दुसरी,
आणि दोन्हींच्या मधे,
जिथे काहीच ऐकू येत नाही,
तिथे माणसं असतात, बॉयलर असतो, कोळसा असतो.

झेलीला हे पटलं नाही.
"म्हणजे मी गप्प बसले, की तुला कळतं मी कुठे आहे?"
हो, म्हणालो.
दोन दिवस बोलली नाही.
घरात कुठे पाय टाकायचा नाही
ते मला अंशा-अंशाने कळत होतं.

पण एक खोट आहे.
शांततेला दोन तोंडं.
एकशे दहा म्हणते तेव्हा दोनशे नव्वदही म्हणते;
पुढा आणि पाठ तिला सारखेच.
किनाऱ्यावर निभावतं,
आगबोट काही बटाट्याच्या शेतात नसणार.
बेटाला मात्र चहूकडे पाणी.

त्या रात्री 'ओरिंडा', केप ब्रेटनचा कोळसा घेऊन,
पश्चिमेकडे निघालेली.
कप्तान स्टेन्सरुड कळवतो:
बेट ओलांडलं. भोंगा पाठीमागे ऐकू येतोय.
आता उत्तरेला वळतो.

धुक्यात भोंगा सगळीकडून ऐकू येतो, कप्तान.
धुक्यात भोंगा म्हणजे गावातली अफवा.

एकशे दहा. किंवा दोनशे नव्वद.
दोनशे नव्वद असेल तर त्याचं बरोबर.
एकशे दहा असेल तर उत्तरेला डुकरिणी आहेत,
सात खडक, ओहोटीला पाठी दिसतात.

वळू नका, म्हणालो. वीस मिनिटं सरळ पश्चिमेला चाला.
मग पुन्हा सूर द्या.

वीस मिनिटांत मी पाइप भरला, पेटवला नाही.
कोन घटला तर बोट पुढे गेलेली,
वाढला तर अजून अलीकडे.

एकशे सतरा.

तुम्ही पूर्वेलाच आहात. बेट पुढे आहे. वळू नका.

खात्री? त्याने विचारलं.

उजव्या कानात सूर विझलेला होता,
डाव्यात तो कधी पेटलाच नव्हता.
यांतली कुठली शांतता मोजली मी?
चौकट पुन्हा फिरवली. सूर आला. गेला. आला.
खात्री, असं ठोकलं.
उत्तर नाही.

मग रात्रभर सगळीकडे तेच.
चौकट कुठेही वळवा,
बोलणं थांबवलेल्या बोटीची शांतता कोन देत नाही.
पहाटे डुकरिणींकडे तोंड करून उभा राहिलो.
सील ओरडत होते. लाकूड मोडल्यासारखं काही नव्हतं.
नव्हतं असं एका कानाने म्हणतोय.

दहा वाजता 'ओरिंडा'चा संदेश, माझ्यासाठी नव्हे,
कंपनीच्या कचेरीला:
चार तास उशीर. कोळसा कोरडा. गोदीत जागा ठेवा.

सवयीने चाक फिरवलं.
तीनशे एक.
किंवा एकशे एकवीस,
असं तबकडी म्हणाली,
आणि मी पाइप पेटवला.