अर्धं नाव

सोळा किलो भरले. अठराला दोन कमी.
मुकादमानं वहीत लिहिलं: अर्धं नाव.
बोगवंतलावाच्या या मळ्यात
दिवसाच्या मजुरीला नावच म्हणतात,
पूर्ण, नाहीतर अर्धं.
पेच्चियम्मा आज
पेच्चि एवढीच घरी आली.

घर म्हणजे लाइनीतली अकरावी खोली,
गोऱ्या साहेबानं पणजीला दिलेली.
दिलेली म्हणजे राहू दिलेली.
पत्ता नाही. पत्र मळ्याच्या ऑफिसात येतं,
तिथंच पडून राहतं.
थोरलीच्या नर्सिंगच्या मुलाखतीचं
तारीख उलटल्यावर मिळालं.

खालच्या वळणावर कोनशिला आहे.
सात पर्च जागा, कुटुंबाला एक घर,
सिंहली, तमिळ, इंग्रजी.
मंत्र्यांचं नाव आद्याक्षरांसकट, सोनेरी.
पाच वर्षं झाली. तिथं गवत आहे
आणि ही शिला, गुळगुळीत, नळाजवळ.
पेच्चियम्मा तिच्यावर कपडे आपटते.
चहाचे डाग सहजी निघत नाहीत.

परवा कचेरीतून एकजण आला,
घराचं विचारायला नव्हे.
शिलेवर बोट फिरवत म्हणाला,
साहेबांचं नाव कुणी पुसलं?

तिनं पिळा झटकला.
"पुसलं कुठं?
अर्धं आहे की.
तेवढंच लिहून न्या."