नऊ दिवसांचा फरक

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात बाक भिंतीकडे तोंड करून होता
आणि आम्हा दोघांच्याही माना वळत नव्हत्या.
म्हणून पहिले दोन महिने कौसाबाई पराते म्हणजे
माझ्या उजव्या कानाशी येणारा एक आवाज,
मलमाचा वास
आणि पिशवीतल्या एक्स-रेची खरखर.

मी एकतीस वर्षं खाणींचे नकाशे गिरवले.
सिव्हिल लाइन्सची कचेरी, काचेचं टेबल,
खालून ट्यूबलाइट, वरून मी.
कुठल्या थरात कोळसा, कुठे पाणी, कुठे पोकळी,
जमिनीच्या पोटातलं सगळं ठाऊक.
पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या मध्ये
डाळीच्या दाण्याएवढा सांधा असतो
हे निवृत्तीनंतर कळलं.

ती तांडापेठेतली. हातमाग.
"खड्ड्यात पाय, धाग्यात डोये,
अन् मान मधात लटकलेली. चाळीस वर्सं, जी."

डॉक्टर मुनघाटे समजावत:
एक सुई थेट सांध्यात, स्टेरॉइडची. सूज बसते.
दुसरी सांध्यात शिरतच नाही,
त्याच्या चहाड्या मेंदूला सांगणाऱ्या
बारीक नसेपाशी थांबते, तिला बधिर करते.
कुणाला कुठली मानवेल, आधी सांगता येत नाही.
नस जाळायचीही एक तऱ्हा होती.
ती पुढची पायरी, आणि महाग.

एकाच बुधवारी मला सांध्यातली दिली, तिला नसेची.
पालथा निजलो, तोंड उशीच्या भोकात.
शेजारच्या पडद्यावर करड्या रंगात माझी मान;
पहिल्यांदाच माझा नकाशा
दुसरं कुणी वाचत होतं.
"थोडं दुखेल," म्हणाले.
बोअर मारताना जमीन काही बोलत नाही,
असं मी इतकी वर्षं समजत आलो.

दर आठवड्याला नर्स आकडा विचारी. शून्य ते दहा.
मी म्हणायचो, साडेचार.
"अर्धा चालत नाही, काका."
कौसाबाईंना आकडाच पटेना.
"आज वरच्या फयीवरचा डबा काढला.
लिहा तुमच्या मनानं."
नर्सनं तीन लिहिले.

दुसऱ्या बुधवारी मी वळलो.
मालगाडी वळते तसा अख्खा नाही, नुसती मान.
ती आधीच बघत होती.
वाटली होती त्यापेक्षा लहानखुरी बाई,
चष्म्याची एक काडी जांभळ्या सुतानं बांधलेली.
"आवाजावरून तुमी उंच वाटले होते," म्हणाली.
मग दोघंही पुन्हा भिंतीकडे.

माझं दुखणं परत आलं एकेचाळिसाव्या दिवशी,
मे महिन्यात, कूलरमध्ये पाणी ओतताना.
तिचं पन्नासाव्या.
म्हणजे जवळपास सारखंच, डॉक्टर म्हणाले.
खरंय. प्रमाण जरा मोठं धरलं
तर नऊ दिवस रेघेच्या जाडीत मावतात.
आता अदलाबदल करून पाहू:
तिला सांध्यातली, मला नसेची.

तरी मी विचारलं,
ते नऊ दिवस काय केलं तुम्ही?

"विणलं. काय करीन?
अर्धं पातळ अडकून होतं मागावर, संक्रांतीपासून.
पदराशी आली अन् दुखाले लागलं."

मग?

"मंग काय. उतरवलं तसंच.
पदर जरासा तिरका आला.
गिऱ्हाइकाले नाही दिसत.
मले दिसते."